घरची जुनी .३१५ रायफल: गंज, दस्ता आणि कुठे हात थांबवायचा

महाराष्ट्रातल्या जुन्या घरांत शिकारीची म्हणून जी रायफल सापडते, ती बहुतेक वेळा .३१५ बोअरची असते. .३०३ हे लष्कराचं काडतूस, म्हणून सामान्य नागरिकाला ती रायफल मिळत नसे. त्यामुळे बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने त्याच ली-एन्फिल्ड घडणीवर ८ मिलिमीटरच्या ऑस्ट्रियन मानलिखर काडतुसाची रायफल हिंदुस्थानासाठी काढली. पुढे इछापूरच्या रायफल फॅक्टरीनेही .३१५ काढली. नळीवर किंवा बोल्टच्या (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणाऱ्या दांड्याच्या) घरावर एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुकांचं चिन्ह असेल, तर रायफल बीएसएची. खालचं सगळं या घडणीच्या रायफलीला धरून लिहिलं आहे. दुनळी बारा बोअरला लाकडाचं आणि साठवणीचं सांगितलेलं तसंच लागू पडतं. नळ्यांचं मात्र नाही, कारण त्या एकमेकींना झाळलेल्या असतात.

सर्वात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. जुनी रायफल ‘नवी करणं’ हा तिचा घात आहे. सत्तर-ऐंशी वर्षांत नळीचा काळा रंग जिथे हाताने झिजून राखाडी झाला आहे, तिथे तो तसाच शोभतो. आपलं काम चालू असलेलं नुकसान थांबवायचं, मधल्या काळात कोणी फासलेला वॉर्निश आणि चिकट तेल उतरवायचं आणि लाकडाला पुन्हा तेल पाजायचं, एवढंच. बाकीचं काम परवानाधारक शस्त्रकारागिराचं.

कागद आधी, पेचकस नंतर

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती आणि फेरफार परवान्याशिवाय करता येत नाहीत. पुसणं, तेल देणं, दस्त्याची निगा ही मालकाची रोजची कामं. पण चाप घासणं, बोल्टचं डोकं बदलणं, नळीला भोक पाडणं ही कामं घरी करू नयेत. नळी आखूड करण्याचं तर नावही काढू नका, त्यासाठी कलम ६ आहे. कलम ८ ओळखखुणांचं. नळीवरचा किंवा घरावरचा क्रमांक पुसट झाला, तर तो कोणी मुद्दाम घालवला असा अर्थ निघू शकतो. म्हणून क्रमांकाच्या आजूबाजूला पॉलिश पेपर कधीच फिरवायचा नाही.

परवाना ज्यांच्या नावावर होता ते वारले असतील, तर रायफल घरातल्या कपाटात ठेवून ‘नंतर बघू’ म्हणता येत नाही. कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची, आणि वारसाने स्वतःच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करायचा. वडील हयात असतील तर आणखी सोपा मार्ग आहे. परवानाधारकाने वयाची ७० वर्षं पूर्ण केली असतील किंवा शस्त्र २५ वर्षं बाळगलं असेल, तर २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ते हयातीतच वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करता येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे जास्तीत जास्त दोनच शस्त्रं राहू शकतात, वारशाने आलेलीही त्यातच मोजली जातात. परवान्याची मुदत आता ५ वर्षं आहे. हे सगळं झाल्याशिवाय खालचं एकही काम सुरू करू नका.

आणि शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली बंद आहे. रानडुकराने पीक उद्ध्वस्त केलं तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय गोळी चालवता येत नाही. या रायफलीची निगा राखायची ती घरातली एक उत्तम घडणीची वस्तू म्हणून, आणि परवान्यात लिहिलेल्या कारणासाठी ती सुरक्षित राहावी म्हणून.

रिकामी आहे याची खात्री

रायफलीचं तोंड भिंतीकडे नव्हे, जमिनीकडे. चापाच्या कडीतली कळ दाबून मॅगझिन काढा. बोल्ट पूर्ण मागे ओढा. काडतुसाच्या घरात डोळ्यांनी पाहा, मग करंगळी घालून चाचपा. वर्षानुवर्षं गंजलेल्या रायफलीत जुनं काडतूस घरात चिकटून राहिलेलं असू शकतं आणि काळोखात ते दिसत नाही. काडतूस अडकलेलं आढळलं तर काठीने ठोकू नका. रायफल तशीच, बोल्ट उघडा ठेवून, परवाना बरोबर घेऊन कारागिराकडे न्या. काडतुसं कामाच्या खोलीत आणायचीच नाहीत.

बोल्ट काढायला तो पूर्ण मागे घ्या, बोल्टचं पुढचं डोकं बोटाने वर उचलून उजवीकडच्या पट्टीवरून सोडवा, मग बोल्ट मागे सरकून हातात येतो. बोल्टच्या मुठीवरचा क्रमांक आणि घरावरचा क्रमांक जुळतो का ते इथेच बघा. या घडणीत बोल्ट त्या-त्या रायफलीला घासून बसवलेला असतो. दोन भावांच्या दोन रायफली एकाच पेटीत ठेवल्या की बोल्टांची अदलाबदल होते आणि ती कोणाच्या लक्षातही येत नाही. क्रमांक वेगळे निघाले तर रायफल तपासल्याशिवाय चालवायची नाही.

मोबाइलवर चारही बाजूंनी, प्रत्येक स्क्रूचे, प्रत्येक ठशाचे फोटो घ्या. नंतर काही हरवलं किंवा उलटं बसलं तर हेच फोटो उपयोगी पडतात.

नळी आतून

बोल्ट काढल्यावर नळी मागून साफ करता येते, आणि मागूनच करायची. पुढून सळई घातली की ती दर वेळी तोंडाच्या कडेवर घासते. नळीच्या तोंडाची कड एका बाजूने झिजली की गोळी बाहेर पडताना वायू एकीकडून आधी सुटतो आणि गोळी भरकटते. जुन्या रायफलींचा नेम बिघडण्याचं हे फार मोठं कारण आहे, आणि ते निगा राखणाऱ्या हातांनीच घडवलेलं असतं.

एकसंध, प्लास्टिकचं आवरण असलेली सळई, ८ मिमीचा ब्राँझचा ब्रश आणि सुती कापडाचे तुकडे लागतील. तीन तुकडे जोडून होणारी अ‍ॅल्युमिनियमची सळई नको. तिच्या सांध्यांत वाळूचे कण अडकतात आणि तेच नळीच्या आट्यांवर, म्हणजे आतल्या पीळदार खोबणींवर, घासतात.

जुन्या काडतुसांच्या टोपीत, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असे. उडाल्यावर त्याचा क्षार नळीत उरतो आणि तो मिठासारखाच हवेतलं पाणी ओढून घेतो. तो तेलात विरघळत नाही, फक्त पाण्यात विरघळतो. म्हणूनच पूर्वी रायफल चालवल्यावर नळीतून उकळतं पाणी ओतत. नुसतं तेल पुसून ठेवलेल्या रायफलींच्या नळ्या आतून खाल्ल्या गेल्या त्या याच कारणाने. तोंड खाली धरून, मागून छोट्या नरसाळ्याने अर्धा ते एक लिटर उकळतं पाणी ओता. पाणी लाकडावर उतरू देऊ नका, पुढचा लाकडी भाग काढलेला असेल तर उत्तम. गरम नळी आपोआप लवकर सुकते. लगेच चार-पाच कोरडी कापडं फिरवा.

मग नळी साफ करायचं द्रावण कापडाला लावून एकदा फिरवा, १५ मिनिटं थांबा, ब्रश दहा वेळा आरपार न्या. ब्रश नळीच्या मध्ये उलटा फिरवायचा नाही, पूर्ण बाहेर काढूनच मागे ओढायचा. पुन्हा कापड. कापडावर हिरवट-निळा डाग म्हणजे तांबं सुटतंय, काळा म्हणजे दारूची काजळी, तपकिरी म्हणजे गंज. हे चक्र चार-पाचदा, हवं तर दोन दिवसांत विभागून. अमोनियाचं द्रावण असेल तर खिडक्या उघड्या ठेवा आणि ते नळीत रात्रभर सोडू नका.

साफ नळीतून उजेडाकडे पाहिलं की ठिपके दिसतील. ते खड्डे आहेत, मळ नव्हे. ते घासून निघत नाहीत. व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावून नळी चकचकीत करायचा सल्ला मिळतो, तो मानू नका. खड्डे जातच नाहीत, उलट आट्यांच्या कडा गोल होतात. थोडे खड्डे असलेली नळीही बऱ्याचदा नीट नेम धरते. नळीत कुठे पूर्ण गोल काळी कडी दिसली तर मात्र तो फुगवटा असू शकतो, म्हणजे कधी तरी नळीत काही अडकलेलं असताना गोळी उडाली. बाहेरून तेलकट बोट सावकाश फिरवलं तर तो जाणवतो. अशी रायफल भिंतीवरच बरी.

बाहेरचा गंज

बहुतेक घरांत इथेच घोटाळा होतो. नळीचा काळा-निळसर रंग हा रंग नाहीच, तो लोखंडाचाच एक ऑक्साइड आहे, म्हणजे गंजाचा सख्खा भाऊ. त्यामुळे गंज खाणारी प्रत्येक गोष्ट हा रंगही खाते. बाजारातलं गंज काढायचं जेल, व्हिनेगर, तांब्याची भांडी उजळणारी चिंच, लिंबू, पितांबरीसारख्या पावडरी, सगळ्यांचा परिणाम सारखाच होतो. दहा मिनिटांत पांढरी नळी हातात येते. तिला मूळ रंग परत द्यायचा तर कारागिराकडचं काम आणि खर्च दोन्ही मोठे.

नळीवर पातळ खनिज तेल, शिवणयंत्राचं चालेल, भरपूर लावून २४ तास ठेवा. मग चार शून्यांची स्टील वूल तेलात भिजवून हलक्या हाताने, नळीच्या लांबीच्या दिशेने फिरवा. स्वयंपाकघरातली तारेची घासणी नको, ती फार जाड असते आणि ओरखडे कायमचे राहतात. लाल गंज सैल होऊन तेलात उतरतो, काळा थर जागेवर राहतो. फोड आलेला जाड गंज तांब्याच्या किंवा पितळेच्या पट्टीच्या कडेने उचलायचा. तांबं पोलादापेक्षा मऊ असल्याने तेच झिजतं, नळी नाही. तेल तपकिरी झालं की पुसा, नवं लावा. एका दिवसात संपवायचा हट्ट नको, तीन दिवस रोज अर्धा तास पुरतो.

छोटे सुटे भाग, म्हणजे दस्त्याची खांद्याला लागणारी पाटी, तिचे स्क्रू, पट्ट्याच्या कड्या, यांना एक सुंदर उपाय आहे. तेल साबणाने पूर्ण धुवून ते भाग डिस्टिल्ड पाण्यात २० मिनिटं उकळा. लाल गंजाचं रूपांतर काळ्या, घट्ट ऑक्साइडमध्ये होतं. बॅटरीचं म्हणून मिळणारं डिस्टिल्ड पाणी चालतं, नळाचं किंवा विहिरीचं नाही, त्यातल्या क्षारांचे डाग पडतात. मग वरची भुकटी कोरड्या स्टील वूलने झाडून लगेच तेल. रंग मूळ रंगाशी छान मिसळतो.

बाटलीतून मिळणारा, न तापवता लावायचा ‘थंड’ निळा रंग एखाद्या ओरखड्यावर ठीक आहे. पूर्ण नळीला लावला तर पट्टे पडतात आणि सहा महिन्यांत हातांच्या घामाने उडतो.

स्क्रू आणि लाकूड वेगळं करणं

स्क्रूच्या खाचेत पेचकसाचं पातं लांबीनेही आणि जाडीनेही गच्च बसलं पाहिजे. साध्या पेचकसाचं पातं टोकाकडे निमुळतं असतं, ते जोर लावताच वर चढतं आणि खाच फाडतं. पातं दोन्ही बाजूंनी समांतर घासून घ्या. स्क्रू हलत नसेल तर झिरपणारं तेल घालून दोन दिवस ठेवा, पेचकस खाचेत ठेवून मुठीवर लाकडी हातोडीचे हलके टोले द्या. तरीही नाही, तर झाळकामाची इस्त्री स्क्रूच्या डोक्यावर दोन मिनिटं टेकवा. या स्क्रूंचे आटे हार्डवेअरच्या दुकानातल्या मेट्रिक स्क्रूंशी जुळत नाहीत, म्हणून एकही हरवता कामा नये. पुठ्ठ्यावर रायफलीचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवा.

या घडणीत लाकूड दोन तुकड्यांचं आहे, पुढचा भाग वेगळा, दस्ता वेगळा. दस्ता एका लांब बोल्टने मागून आवळलेला असतो. खांद्याला लागणारी पाटी काढली की आत भोक दिसतं, त्यात लोकरीचा किंवा चामड्याचा बोळा असतो, त्याच्या तळाशी बोल्टचं डोकं. आणि इथे क्रम चुकवू नका: आधी पुढचं लाकूड, मगच दस्त्याचा बोल्ट. या घडणीच्या बऱ्याच रायफलींत बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडाच्या मागच्या टोकात अडकलेलं असतं. पुढचं लाकूड जागेवर असताना बोल्ट फिरवला की ते उभं तडकतं. बाजारात ‘मागून तडा गेलेला’ म्हणून जे पुढचे भाग दिसतात, त्यांतल्या अनेकांची ही कथा आहे.

पुढचं लाकूड काढताना चापाच्या कडीचे स्क्रू आणि पुढची कडी किंवा पिन सोडवून ते सरळ खाली, समान ओढायचं. तोंडाकडून झुलवत ओढलं तर मागचे दोन लाकडी खांदे मोडतात. गोळीचा सगळा धक्का तेच झेलतात. लाकूड चिकटलेलं असेल आणि जोर लावावा लागत असेल तर थांबा आणि हे एवढं काम कारागिराकडून करून घ्या. लाकडाखाली दडलेली नळीची बाजू मात्र पाहायलाच हवी. बाहेरून स्वच्छ दिसणाऱ्या रायफलीचा खरा गंज लाकूड आणि लोखंड जिथे भेटतात त्या रेषेखाली असतो, विशेषतः जिने कोकणातले पावसाळे काढले आहेत तिचा.

दस्ता

मूळ दस्ता अक्रोडाचा, आणि मूळ लेप जवसाच्या तेलाचा. वर जो चकचकीत, सालपटं निघणारा थर दिसतो तो नंतर कोणीतरी मारलेला वॉर्निश किंवा फ्रेंच पॉलिश. आधी कापसावर स्पिरिट घेऊन एका कोपऱ्यात घासा. थर चिकट झाला तर फ्रेंच पॉलिश आहे, स्पिरिटनेच उतरेल. नाहीच झाला तर रंग काढायचं रसायन लागेल. काचेच्या तुकड्याने किंवा रंध्याने खरवडू नका, आणि सँडपेपर तर शक्यतो वापरूच नका. कारखान्यात लाकूड लोखंडापेक्षा केसभर उंच ठेवलेलं असतं. दोनदा सँडपेपर फिरवला की ते लोखंडापेक्षा खाली जातं, कडा गोल होतात, दस्त्यावरचे ठसे नाहीसे होतात. हे नुकसान कुठल्याच तेलाने भरून येत नाही.

थर निघाला की मिनरल टर्पेंटाइन आणि चार शून्यांच्या स्टील वूलने मळ पुसा. धरायच्या जागी चौकटींची जाळी कोरलेली असेल तिथे स्टील वूल नको, जुना दात घासायचा ब्रश घ्या.

बोल्टच्या घराजवळचं लाकूड बऱ्याचदा काळं, मऊ आणि तेलकट झालेलं असतं, कारण रायफल वर्षानुवर्षं तोंड वर करून उभी ठेवली आणि तेल खाली झिरपत राहिलं. हे खनिज तेल लाकूड कुजवल्यासारखं मऊ करतं. खडूची पूड टर्पेंटाइनमध्ये कालवून श्रीखंडाइतका दाट लेप करा, अर्धा सेंटिमीटर जाड थापा, सावलीत वाळू द्या, ब्रशने झाडा. लेप पिवळा-तपकिरी निघतो. तो पांढरा निघेपर्यंत पुन्हा-पुन्हा, चार ते आठ वेळा. खडूऐवजी चुना वापरू नका, त्याने अक्रोड काळं पडतं.

दबलेले खड्डे वाफेने उठतात. ओल्या सुती कापडाची घडी खड्ड्यावर ठेवून वर गरम इस्त्रीचं टोक पाच-सहा सेकंद टेकवा. दाबलेले तंतू फुगून वर येतात. तीन-चार वेळा केलं की उथळ खड्डा दिसेनासा होतो. जिथे तंतू तुटून लाकूड उडालं आहे तिथे काही होत नाही, ती खूण राहू द्या.

दस्त्याच्या मानेवरची बारीक चीर घरी भरता येते, पण तेलकट लाकडाला काहीच चिकटत नाही. म्हणून आधी वरचा खडूचा लेप, मग अ‍ॅसिटोनने चीर धुणं, एक दिवस वाळवणं. अराल्डाइटचा साधा, सावकाश बसणारा प्रकार घ्या, पाच मिनिटांत घट्ट होणारा चिरेत उतरतच नाही. दोन्ही नळ्यांतला समभाग मिसळा, केस वाळवायच्या यंत्राने चीर कोमट करा म्हणजे लेप पातळ होऊन आत जातो, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने आवळून २४ तास ठेवा. मान आरपार तडकलेली असेल तर मात्र आतून आट्यांची पितळी सळई घालावी लागते आणि ते कारागिराचं काम. मानेवर बाहेरून तार गुंडाळलेली किंवा पत्रा ठोकलेला दिसला तर खालची चीर मोठी आहे असं धरून चाला.

आता तेल. खायचं कच्चं जवस तेल महिनोन्‌महिने चिकट राहतं. रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड लिनसीड ऑइल घ्या. पाव लिटर एका दस्त्याला पुरून उरतं. पहिले दोन हात समप्रमाणात टर्पेंटाइन घालून, म्हणजे खोल उतरतील. नंतरचे नुसत्या तेलाचे, चमचाभर तेल तळहातावर घेऊन लाकूड कोमट होईपर्यंत चोळायचं. २० ते ३० मिनिटांनी वर उरलेलं सगळं पुसून टाकायचं, हे विसरलात तर चिकट साय धरते आणि तिच्यावर धूळ बसते. दोन हातांमध्ये किमान २४ तास, पावसाळ्यात तीन दिवस. सहा ते आठ हात लागतात. पाटीखालचं आडवं कापलेलं लाकूड आणि पुढच्या भागाची आतली बाजू यांनाही दोन पातळ हात द्या. लाकूड सर्वात जास्त ओल तिथूनच पितं, मग फुगून नळीला एका बाजूने दाबतं आणि पावसाळ्यात नेम सरकतो.

तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चुरगळलेल्या फडक्यांचा गोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी बाहेर एकेरी पसरून कडक होईपर्यंत वाळवा, किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवून ठेवा.

सुधारणा म्हणून काय चालेल

जी उलटवता येते ती. दस्ता आखूड पडत असेल तर कापून रबरी गादी बसवण्यापेक्षा दोरीने बांधायचं चामड्याचं आवरण घाला, लांबी तेवढीच वाढते आणि लाकूड शाबूत राहतं. पुढची माशी, म्हणजे नेम धरायचा खुंटा, दिसत नसेल तर तिच्या टोकाला पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या. मागची नेमाची घडीची पानं साफ करून सैल झाली असतील तर कारागिराकडून आवळून घ्या. पट्टा नवा, कड्या जुन्याच.

दुर्बिणीसाठी बोल्टच्या घरात भोकं पाडू नका. त्याने बीएसएच्या रायफलीची किंमतही जाते आणि घडणही.

मॅगझिन अडखळतं म्हणून तक्रार असते. पाहा की वरचे ओठ वाकलेले नाहीत ना, आतली कमान गंजली नाही ना. दोन्ही ठीक असतील तर दोष भरण्याच्या पद्धतीत आहे. .३१५ च्या काडतुसाला मागे बाहेर आलेली कड असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे असली पाहिजे, मागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात.

कारागिराकडून काय तपासून घ्यायचं

गोळी चालवण्याआधी हे करून घेतलंच पाहिजे. बोल्ट आणि काडतुसाची कड यांमधलं अंतर गेजने, बोल्टच्या खुंट्यांवरच्या चिरा भिंगाने, सुरक्षा-कळ, चाप दाबला नसताना रायफलीला धक्का दिल्यास घोडा सुटतो का, आणि काडतुसाच्या टोपीवर आपटणारी टोचणी किती बाहेर येते. अंतर वाढलेलं असेल तर पितळी काडतूस मागून फाटतं आणि वायू डोळ्यांकडे येतो. या घडणीत बोल्टच्या खुंट्या मागे असल्याने काडतुसाचं घर कोरडं असणं फार महत्त्वाचं आहे. घरात तेल असेल तर पितळ भिंतीला धरत नाही आणि सगळा धक्का बोल्टवर येतो. म्हणून साठवताना तेल, चालवण्याआधी नळी आणि घर दोन्ही पुसून कोरडं.

रायफल नेताना रिकामी, पेटीत, मूळ परवाना बरोबर. दुकानातून क्रमांकासह पावती घ्या. कपाटातली हिरवट झालेली, मान चिरलेली जुनी काडतुसं फोडू नका, जाळू नका. परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा ठाण्यात जमा करा.

ठेवायची कशी

खोबरेल तेल लावू नका. जवळपास प्रत्येक घरात तेच लावलेलं असतं. २४ अंशांखाली ते गोठतं, घाटावरच्या हिवाळ्यात बोल्ट जड होतो, आणि खवट झालं की त्यातली आम्लं लोखंड खातात. रॉकेल मळ सोडवायला ठीक, पण ते उडून गेल्यावर लोखंड उघडंच राहतं. पातळ खनिज तेलाचा हात, आणि लांब मुदतीसाठी गंजरोधक ग्रीस.

चामड्याच्या पेटीत कायमची ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि कमावण्याच्या द्रव्यांनी नळीवर पेटीच्याच आकाराचा गंज उमटतो. लोखंडी कपाट, आडवी किंवा तोंड खाली, शेजारी सिलिका जेलची पाकिटं. ती पावसाळ्यात महिन्यातून एकदा गरम करून पुन्हा कोरडी करायची. हात लावला की त्याच दिवशी पुसायची, घामातलं मीठ बोटांचे ठसे गंजात उमटवतं.

खंडेनवमीला पूजा झाली की ओलं हळदी-कुंकू, अक्षता आणि झेंडूची फुलं रात्रभर नळीवर राहतात. दसऱ्याच्या सकाळी नळीवर टिळ्याखाली लाल गोल दिसतो तो कुंकवाचा नसतो. गंध पाटीवर किंवा दस्त्याला बांधलेल्या कापडावर लावा, नळीवर लावलंच तर आरती झाल्यावर तासाभरात पुसून तेल द्या.

आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की शस्त्र ठाण्यात जमा करायची नोटीस येते, ते महिना-दोन महिने तिथे राहतं. देण्याआधी नळीत आणि काडतुसाच्या घरात ग्रीस, बाहेर तेलाचा जाड हात, मेणकापडात नव्हे तर तेलकट सुती कापडात गुंडाळून वर सुटं आवरण. पावतीवर क्रमांक, बोअर आणि बोल्ट आहे याची नोंद करून घ्या. परत आणल्यावर बोल्टच्या मुठीवरचा आणि घरावरचा क्रमांक तिथेच टेबलाशी जुळवून बघा, आणि त्याच संध्याकाळी ग्रीस काढून नळीत एकदा उजेड धरा.